‘हरण’ पुरतं का? प्रॉसर्पिनाच्या चित्राचं मराठी नाव

पेन्सिलवाली: डच चित्रकार रेम्ब्राँटच्या चित्रावर टिपण लिहितेय, नावापाशीच अडलेय. साधारण १६३१ चं चित्र, बर्लिनला आहे. रोमन पुराणकथेतला पाताळाचा राजा प्लूटो प्रॉसर्पिना या तरुण देवीला रथात घालून नेतोय. इंग्रजी नावात ‘रेप’ आहे. मी ‘हरण’ लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, फारच सोवळं झालं, सरळ ‘बलात्कार’ लिही. चित्रात ती त्याचं तोंड ओरबाडतेय, सख्या तिच्या झग्याला धरून फरफटत चालल्यात.

जुनी वही: बलात्कार नको. मूळ लॅटिन ‘रापेरे’, म्हणजे हिसकावून नेणं. इंग्रजीत अर्थ नंतर आकसला. आपल्याकडेही तेच झालं, ‘बलात्’ म्हणजे नुसतं बळाने. सीताहरण म्हणतोच की आपण!

पेन्सिलवाली: रुक्मिणीहरणही म्हणतो. तिने तर स्वतः निरोप धाडून कृष्णाला बोलावलं होतं. दोघींना एकच शब्द, इथेच घोडं अडतंय.

घाटमाथा: मनुस्मृतीत राक्षसविवाह सांगताना ‘प्रसह्य कन्याहरणम्’, म्हणजे बळाने मुलगी नेणं, म्हटलंय, वर ‘क्रोशन्तीं रुदतीं’ही. नुसत्या ‘हरणा’त ओरडणारी, रडणारी मुलगी दिसत नाही, म्हणूनच ही जोड द्यावी लागली असणार.

सहाण: संस्कृत कशाला उकरता? ‘पळवून नेलं’ लिहा, पोरालाही कळेल.

घाटमाथा: आमच्या गावी ‘पळवून आणली’ म्हटलं की निम्म्या वेळा मुलगी राजीखुशीने आलेली असते.

पेन्सिलवाली: रोमन कवी ओव्हिडने लिहिलंय, ओढाताणीत तिने वेचलेली फुलं सांडली आणि तिला त्या फुलांचंही वाईट वाटलं. इतकी लहान आहे ती. ‘पळवून’मध्ये ते वय येत नाही हो.

मालवणकर: ‘रापेरे’ वाचून आमची रापण आठवली. किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून जाळं ओढतात, मासळी फरफटत येते. शब्द तिथलाच असणार, पोर्तुगीजांबरोबर आलेला.

जुनी वही: नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. पोर्तुगीजांआधी इथे कोणी जाळं ओढत नव्हतं का?

मालवणकर: मासे होते, जाळी होती, नाव बदलू शकतंच की. ‘बटाटा’ कुठून आला?

सहाण: आणि गोव्यात ‘रांपण’ म्हणतात, अनुस्वार देऊन. रांपणकार. तुमच्या ‘रापेरे’त तो अनुस्वार कुठाय?

मालवणकर: आमच्याकडे अनुस्वार नाही. आजोबा रापणीवर जायचे, मी स्वतः दोर ओढलाय.

पेन्सिलवाली: टिपण उद्या द्यायचंय. ‘प्रॉसर्पिनाला ओढून नेताना’ चालेल?

जुनी वही: ‘ओढून’ नको, ‘खेचून’. बाकी रापणीचं मी अजून मानलेलं नाही.