बाय आणि टिल, दोन्ही म्हणजे "पर्यंत"च ना? मग फरक काय?

प्रश्न:
शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा असं सांगायचं होतं म्हणून मेलमध्ये "प्लीज सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे" लिहिलं, तर सिनियर म्हणाले इथे बाय पाहिजे. का विचारलं तर म्हणे तसंच असतं. मला कारण हवंय. मराठीत तर दोन्हीकडे पर्यंतच येतं.

प्रतिसाद 1:
आपलं पर्यंत दोन कामं करतं, म्हणूनच गोंधळ होतो. "पाचपर्यंत थांब" आणि "पाचपर्यंत ये" शेजारी ठेवून बघा. थांबणं पाच वाजेस्तोवर सलग चालू असतं, तिथे टिल. येणं एकदाच होतं, साडेतीनला या नाहीतर पाचला दोन मिनिटं कमी असताना या, पाच ही नुसती मुदत, तिथे बाय. म्हणून वेट टिल फाइव्ह पण कम बाय फाइव्ह. रिपोर्ट एकदाच पाठवायचाय, टिल लिहिलं की शुक्रवारपर्यंत पाठवतच राहा असं काहीतरी होतं. मी पर्यंतच्या जागी "च्या आत" घालून बघते, वाक्य जमलं तर बाय.

प्रतिसाद 2:
युक्ती चांगलीये पण "शुक्रवारच्या आत" म्हटलं की काहींना गुरुवारीच संपवायचं वाटेल, आणि बाय फ्रायडेमध्ये शुक्रवार धरलेला असतो. "उशिरात उशिरा" लावून बघा, ते जास्त पक्कं. खरी गंमत नकारात आहे. "आय वोन्ट फिनिश टिल फाइव्ह" म्हणजे पाचच्या आधी होणार नाही, पाचला होईल. "आय वोन्ट फिनिश बाय फाइव्ह" म्हणजे पाच वाजले तरी काम उरलेलंच असेल, कधी संपेल ते सांगितलेलंच नाही. एका शब्दाने समोरच्याचं सगळं प्लॅनिंग बदलतं.

प्रतिसाद 3:
व्याकरणाचंही बघा. टिलच्या पुढे अख्खं वाक्य येतं, वेट टिल ही कम्स. बायच्या पुढे नाही येत, तिथे बाय द टाइम ही कम्स म्हणावं लागतं. आणि "तो येत नाही तोपर्यंत थांब" हे आपण सरळ "वेट अनटिल ही डझन्ट कम" करून टाकतो, ही चूक तर मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलीये. मराठीत तो "नाही" लागतो, इंग्लिशमध्ये नको, अनटिल ही कम्स एवढंच. अंतरासाठीही टिल नको, पुलापर्यंत चालत गेलो म्हणजे ॲज फार ॲज द ब्रिज.

प्रश्नकर्ता:
आता डोक्यात बसलं! मग "द ऑफिस इज ओपन टिल सिक्स, सो सबमिट द फॉर्म बाय सिक्स" बरोबर ना? आणि टिल हे अनटिलचं छोटं रूप आहे का?

प्रतिसाद 3:
वाक्य एकदम बरोबर. छोटं रूप मात्र नाही, उलट टिल हाच जुना शब्द आहे, अनटिल नंतर आला. अर्थ एकच, फॉर्मल लिहिताना अनटिल जास्त वापरतात. फक्त टिलला शेवटी दोन एल आणि अनटिलला एक.