मदत हवी आहे: बहिणीचं एलएलबी, नाशिकचा खर्च किती धरू?

सिन्नरकर_९१
बहिणीला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) नाशिकला सीट लागली आहे. परवापर्यंत प्रवेश पक्का करायचाय. फी, राहणं, जेवण मिळून वर्षाचे किती धरू? स्कॉलरशिप बसते का, की कर्जच काढू? "कॉलेजला विचारा" सांगू नका, तिथे फोन उचलत नाहीत.

काळा_कोट
तीन वर्षांचं की पाच? अनुदानित की विनाअनुदानित? कॅटेगरी, उत्पन्न, आधीची पदवी? एवढं कळल्याशिवाय आकडा कोण सांगणार!

सिन्नरकर_९१
तीन वर्षांचं. बीकॉम झालंय. ओपन. बहुतेक विनाअनुदानित.

गंगापूर_रोड
उत्पन्न परत राहिलंच. ८ लाखांच्या आत असेल तर कर्जाचा विचार नंतर. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईबीसी (कमी उत्पन्नाचे ओपनवाले), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. बाकीची किरकोळ शुल्कं आणि डिपॉझिट माफ नाही, म्हणून प्रत्येक शुल्क वेगळं दाखवणारी हेडवाइज पावती मागा. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही.

बँकवाला
तरी विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवर अर्ज टाकून ठेवा. ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (स्वतःचा वाटा) नाही, हॉस्टेल-पुस्तकंही त्यात बसतात. हप्ते कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू. आणि आयकरात व्याजावर...

गंगापूर_रोड
ट्यूशन माफ होत असताना घरावर व्याज कशाला चढवता साहेब? मोरॅटोरियममध्येही, म्हणजे हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळातही, व्याज चालूच असतं, ते का नाही सांगत?

सिन्नरकर_९१
उत्पन्न साडेतीन लाख, शेती. ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट काढलेलं नाही, मग गेलंच ना?

गंगापूर_रोड
नाही. ईबीसीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल लागतं, ईडब्ल्यूएस नाही. आईवडील दोघांचं उत्पन्न धरलेलं हवं. महाडीबीटीवर (राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर) अर्ज भरताना 'कॅपमधून प्रवेश' हो करून कॅप आयडी टाका. तिथे चुकून नॉन-कॅप निवडलं की ही योजना यादीत दिसतच नाही आणि लोक समजतात आपण बसत नाही. शेतजमीन कमी असेल तर अल्पभूधारकाचा दाखलाही काढा, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला लागतो. रोज घरून ये-जा केली तर तो भत्ता नाही.

सीबीएस_ते_कॉलेजरोड
रूम घेऊच नका. सिन्नर-नाशिक एसटी, विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत. सीबीएसला (नाशिकच्या एसटी स्टँडला) उतरून पुढे सिटीलिंकची शहर बस.

काळा_कोट
आणि हजेरी? बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते. सकाळचं पहिलं लेक्चर रोज बुडालं तर त्याच विषयात अडकेल. सवलत फार तर ६५ पर्यंत, तीही अपवाद म्हणून.

मेसवाली_ताई
कॉलेज रोडच्या आत, गल्लीत बघा. कॉट बेसिसला महिना ३ ते ४ हजार, मेस दोन वेळची ३ हजारांच्या आसपास. अंदाजच आहे, भाव करा. खाडे धरतात का ते आधी विचारा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, ते जेवण वेगळं धरायचं. डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं. भाडं परीक्षेनंतरच्या सुट्टीतही लागतं, म्हणून १० नाही, १२ महिने धरा. भाडंपावती जपून ठेवा, भत्त्याला मागतात.

नवीन_वकील
पुढे वकिलीच्या सनदेची, म्हणजे परवान्याची फी माहिती आहे का? ३० जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने एनरोलमेंट फी ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ प्रमाणे ओपनला ७५० रुपयेच. पूर्वी राज्याराज्यांत कितीतरी पट घेत होते.

बँकवाला
तिचा प्रवेश अजून व्हायचाय हो!

काळा_कोट
एक राहिलं. बँक खातं आधारशी नुसतं 'लिंक' असून चालत नाही, डीबीटीसाठी (सरकारचे पैसे थेट खात्यात यायला) सीड लागतं, म्हणजे पैसे कुठल्या बँकेत जायचे ते आधारवर नोंदलेलं असावं लागतं. पैसे शेवटी सीड केलेल्या बँकेत जातात. गावच्या जुन्या खात्याला सीड असेल आणि ते बंद पडलेलं असेल तर हप्ता तिथेच लटकतो. यूआयडीएआयच्या (आधारच्या) साइटवर सीडिंग स्टेटस आज रात्रीच बघा. घरात याच योजनेचा लाभ दोघांनी आधी घेतलाय का?

सिन्नरकर_९१
आम्ही दोघंच भावंडं, मी घेतला नव्हता. स्टेटस बघतो. कॅप अलॉटमेंट लेटरची झेरॉक्स चालेल की ओरिजिनल?

काळा_कोट
प्रवेशाला ओरिजिनल न्या. महाडीबीटीला स्कॅन, फाइल छोटी करून. साइज जास्त झाली की अपलोडच होत नाही.