‘५१ बर्च स्ट्रीट’ गाजली म्हणून आईच्या डायऱ्या उघडणं माफ?

निशाचर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ही डॉक्युमेंटरी चालली ती ‘निखळ प्रामाणिकपणा’मुळे. डोक्यातच गेलं. ५४ वर्षांचा संसार, आई अचानक गेली, तीन महिन्यांत वडिलांचा फोन की फ्लोरिडाला चाललो, जुन्या सेक्रेटरीकडे. मुलगा डग ब्लॉक, तोच हिचा दिग्दर्शक, कॅमेरा घेऊन हजर! घर आवरताना आईच्या डायऱ्यांची खोकी निघतात आणि तिची घुसमट, थेरपिस्टमध्ये गुंतलेलं मन, सगळं २००५ला टोरांटो फेस्टिव्हलात, पुढच्या वर्षी थिएटरात. तिला विचारलं होतं कुणी?

चष्मिष: लपवायचंच असतं तर फाडून टाकल्या असत्या ना? वडील तर जिवंत होते, स्वतः कॅमेऱ्यासमोर बोललेत. पिक्चर पाहिलाय की नुसतं ऐकून?

शटरवाला: तो डग ब्लॉक पोटासाठी लग्नं शूट करायचा हे कुणी बोलतच नाही. २०१४ला त्याच जोडप्यांना परत गाठून ‘११२ वेडिंग्स’ काढली. आम्ही पण तेच काम करतो, पण आमचं बॅलन्स पेमेंट मागायला गेलं की जोडपं फोन उचलत नाही, मुलाखत कुठली देतंय.

निशाचर: पेमेंटचा वेगळा धागा काढा राव.

मीच_ती: डायरी सोडा, तीन महिने!! हेच बाईने केलं असतं तर?

चष्मिष: माझ्या वडिलांनी पाच महिन्यांत दुसरं लग्न केलं. मी वर्षभर बोललो नाही. पण आईच्या आजारपणात रात्र रात्र तेच जागायचे, मी फक्त फोनवर चौकशी करायचो. लांबून बोलणं सोपं असतं.

मीच_ती: छान. माझी मावशी चाळिशीत एकटी पडली, कुणाशी ओळख वाढली तर सख्खा मुलगा म्हणाला लोक काय म्हणतील. गप्प बसली ती कायमची. पुरुषांना मात्र लगेच ‘आधार हवा’.

चष्मिष: मावशीच्या मुलाचा राग माझ्या बापावर का काढताय?

मीच_ती: कारण तुम्ही त्याच्यासारखंच बोलताय.

निशाचर: अरे डायरीचं काय?

चष्मिष: बरं बाबा, आईला विचारलं नव्हतं, मान्य. खूश? पण त्या डायऱ्या नसत्या तर पिक्चरमध्ये फक्त वडिलांचीच बाजू उरली असती, आणि मग या मॅडमच पहिल्या ओरडल्या असत्या.

मीच_ती: ओरडलेच असते. तुम्ही मावशीच्या मुलाबद्दल काही बोलला नाहीत अजून.