मदत हवी आहे: १९६८ ची हेमी डार्ट, डीलरकडे उतरली तश्शी (१/२५ मॉडेल)

नमस्कार मंडळी,

इथे स्केल मॉडेलवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. डॉज डार्टचं १/२५ प्लास्टिक किट हातात आलंय आणि त्यातून १९६८ ची हेमी डार्ट करायचीय. नंतर रंगवून, दारांवर नावं टाकून रेसला पळवलेली नकोय, डीलरच्या दारात ट्रकवरून उतरली तेव्हा होती तशी हवीय. नेटवर बघावं तर बहुतेक फोटो रिस्टोअर केलेल्या चकाचक गाड्यांचे, आणि प्रत्येकाने त्यात आपापली अक्कल चालवलेली, त्यामुळे मूळचं काय आणि मागाहून घातलेलं काय ते कळत नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या काळी अमेरिकेत ड्रॅग रेसच्या (सरळ रस्त्यावरची छोटी, वेगाची शर्यत) सुपर स्टॉक क्लासमध्ये उतरायचं तर गाडी कंपनीने बनवून विकलेली लागायची, म्हणून क्रायस्लरने ४२६ क्युबिक इंचाचं, म्हणजे जवळपास ७ लिटरचं हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं) इंजिन आपल्या छोट्या डार्टमध्ये आणि प्लायमाउथ बाराकुडामध्ये कोंबलं. डार्ट साधारण ८० आणि बाराकुडा ७० च्या आसपास निघाल्या. बॉडी हॅमट्रॅमिकच्या प्लांटमधून, आणि इंजिन बसवण्यासकट पुढची ठोकाठोकी मिशिगनमध्येच हर्स्टकडे. कागदावर ४२५ हॉर्सपॉवर, खरी ताकद त्याहून बरीच जास्त. गाडीवर स्टिकरच असायचा की ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही, वॉरंटीबिरंटी विसरा. (आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरमध्येही एकेकाळी डॉज आणि प्लायमाउथ जुळवल्या जायच्या, पण त्या बिचाऱ्या टॅक्सीछाप साध्यासुध्या.)

मला जमलंय ते असं: पुढचे फेंडर आणि स्कूपवालं (हवा आत घेणाऱ्या उंचवट्याचं) बॉनेट फायबरग्लासचं, दारांचा आणि पुढच्या बंपरचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला, मागची सीट गायब, रेडिओ हीटर गायब, पुढच्या दोन सीट डॉजच्याच ए१०० व्हॅनच्या, वजनाला हलक्या म्हणून. बॅटरी डिकीत.

आता अडलंय कुठे ते सांगतो. मागचा ॲक्सल कुठला? काही ठिकाणी डाना कंपनीचा डाना ६० म्हणतात, काही ठिकाणी क्रायस्लरचा स्वतःचा पावणेनऊ इंची, आणि दोन्हीवाले छातीठोकपणे सांगतात. दुसरं म्हणजे दाराच्या आत काच फिरवायचं हँडल दिसत नाही, मग काच वरखाली कशी करायचे? बॉडीचा रंग कुठला धरू? आणि एका फोटोत हेडलाईटच्या जागी जाळी आणि आत जाडजूड पाइप दिसतोय, तो डार्टचाच आहे का? मागच्या चाकावरची कमानही किटमध्ये लहान वाटतेय.

जाणकारांनी प्लीज प्रकाश टाका, कटर हातात घेऊन बसलोय.

— खटपट्या

प्रतिसाद

डेट्रॉईटकर:
ॲक्सलवर भांडणारे दोघेही बरोबर आहेत राव, गिअरबॉक्स कुठला ते आधी ठरव. चार गिअरची मॅन्युअल असेल तर डाना ६०, रेशो ४.८८. टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक असेल तर पावणेनऊ इंची, ४.८६. क्लच झटक्यात सोडला की ॲक्सलवर जो दणका बसतो तो डानाच पेलणार, ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी असलेला टॉर्क कन्व्हर्टर तो दणका थोडा गिळतो. म्हणजे तुझ्या मॉडेलमध्ये तीन पेडल केलेस तर खाली डाना लाव, दोन केलेस तर दुसरा. बरेच जण आत क्लच दाखवतात आणि खाली भलताच ॲक्सल चिकटवतात.
जाळीवाला फोटो डार्टचा नाही. ती १९६४ ची फोर्ड थंडरबोल्ट, फेअरलेनवर बनवलेली. तिला पुढे चार हेडलाईट, त्यातले आतले दोन काढून तिथून पाइपाने थेट कार्बोरेटरला थंड हवा द्यायचे. डार्टला एका बाजूला एकच हेडलाईट, तिथे काही करू नकोस.

रंगारी_काका:
रंगाचं सोपं आहे. बॉडीला राखाडी प्रायमर आणि फायबरचे भाग काळ्या जेलकोटमध्येच (फायबरग्लासचा मूळचा वरचा थर), रंगवायचं काम घेणाऱ्याचं. म्हणजे पुढचं नाक काळं आणि बाकी गाडी राखाडी, दिसायला अगदी अर्धवट सोडल्यासारखी. क्लिअर लॅकर मारायचा मोह आवर, सगळं मॅट ठेव. काळा भाग किंचित तुकतुकीत चालेल.

खटपट्या:
धन्यवाद दोघांना! काका, म्हणजे बॉडीला चमक देण्याची मेहनत वाचली की 😀 काचेचं कोणी सांगेल का?

गॅरेजवाली:
काचेला यंत्रच नाही. वजन वाचवायला रेग्युलेटर आणि हँडल दोन्ही काढून टाकलेले आणि काचही खास पातळ. काचेला खाली पट्टा जोडलेला, दप्तराच्या पट्ट्यासारखा, तो ओढून काच वर घ्यायची आणि अडकवून ठेवायची, सोडली की खाली. मॉडेलमध्ये मास्किंग टेपची अगदी अरुंद चिरोटी काळी रंगवून दाराच्या आतून लाव, मस्त दिसते.
कमानीबद्दल: डार्टची मागची कमान मोठे स्लिक (बिननक्षीचे गुळगुळीत) टायर बसावेत म्हणून कापून मोठी केलेली होती, बाराकुडाची नाही. किटमधला टायर जागेवर धरून पेन्सिलने गोल मार आणि फाइलने हळूहळू खा, कटर नको, प्लास्टिक तडकतं.
आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजून घे. डार्टचा १११ इंच म्हणजे १/२५ ला ११३ मिमी, बाराकुडाचा १०८ म्हणजे ११० मिमी. दुसऱ्या किटची चॅसी वापरणार असशील तर हे तीन मिमी फार छळतात.

डेट्रॉईटकर:
+१. अजून एक, बॅटरी डिकीत उजव्या बाजूला ठेव. सुटताना प्रॉपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागचं उजवं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी फिरतं, म्हणून वजन मुद्दाम त्या कोपऱ्यात. इंजिनवर दोन हॉली कार्बोरेटर क्रॉस रॅमवर (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा मॅनिफोल्ड) येतील, ते एकामागे एक सरळ रेषेत लावू नकोस, तिरपे असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि प्रत्येक कार्बोरेटर विरुद्ध बाजूच्या चार सिलिंडरांना पाजतो. हेमीचं डोकं इतकं रुंद की ब्रेकचा मास्टर सिलिंडरही जागेवरून सरकवावा लागला होता, तेवढं बॉनेटखाली दाखवलंस तर बघणारा ओळखेल.

खटपट्या:
कमाल आहात! मग तीन पेडल आणि डानाच करतो. आता पावणेनऊ इंची ॲक्सल शिल्लक राहील, कोणाला हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पुण्यात असाल तर हातात देतो.