डेकच्या दिव्यांची कुरतडलेली वायर

डेकखालची (घराबाहेरच्या लाकडी ओट्याखालची) दिव्यांची वायर खारी कुरतडतात, म्हणून तिच्यावर मिरचीचं पाणी फवारा असं काही जण सुचवतात. तो सल्ला कोरड्या दिवसांपुरताच. एका पावसात ते धुऊन जातं. खारी-उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं. प्लास्टिकचा पाइपही ते पोखरतात. आम्ही डेकखालची वायर स्टीलच्या लवचिक पाइपातून घेतली, तेव्हापासून ती शाबूत आहे.

तुटलेली वायर जिथं पुन्हा जोडतात, त्या जोडाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि खरं नुकसान तिथंच होतं. नुसती टेप गुंडाळली की ओल आत शिरते, तांबं हिरवं पडतं, पुढचे दिवे मंदावतात. वायर १२ व्होल्टची असली तरी आधी ट्रान्सफॉर्मर (घरच्या विजेचा दाब कमी करून दिव्यांना देणारा डबा) बंद करा, खराब तांबं पूर्ण कापा आणि जेल भरलेला वॉटरप्रूफ कनेक्टर लावा. थोडी वायर सैल सोडा, पुढच्या दुरुस्तीला लागते.