वेडसर, माथेफिरू, मनोरुग्ण, मनोविकल : कोर्टात नेमका कोणता शब्द?

विचारणा (वार्ताहर, दारव्हा)

तालुक्याच्या बातम्या देतो. खुनाच्या एका बातमीत आरोपीला ‘वेडसर’ म्हटलं, तर त्याच्या घरून फोन आला : “आमचा पोट्टा येडा नाही जी, त्याले बाहेरचं झालं होतं.” दुसऱ्या पेपरात त्याच आरोपीला ‘माथेफिरू’ केलं होतं. पोलीस ‘मनोरुग्ण असल्याचं समजतं’ म्हणतात. आणि पारावर जो तो सांगतो की येड्याचा कागद आणला की माणूस खुनातूनही सुटते. कायद्यातला शब्द कोणता, या शब्दांत फरक काय, आणि असे खरंच किती जण सुटतात?

उत्तर (फौजदारी वकील, अचलपूर)

कायद्यातला शब्द ‘मनोविकल’. अशा माणसाची कृती गुन्हा न मानणारं कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेत ८४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे ते कलम २२ आहे. २०२३ मध्ये संहितेचा जो पहिला मसुदा आला, त्यात ‘मानसिक आजार’ असे शब्द घातले होते. संसदीय समितीने हरकत घेतली, कारण त्या शब्दांची व्याप्ती फार मोठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि नशेच्या सेवनातून येणाऱ्या अवस्थाही मोडतात. तोच अर्थ इथे लावला असता तर स्वतःहून पिऊन कुऱ्हाड चालवणाऱ्यालाही हे कलम मागता आलं असतं. म्हणून जुनी शब्दयोजना परत आली.

तेव्हा मनोरुग्ण हा डॉक्टरचा शब्द आणि मनोविकल हा न्यायाधीशाचा. मनोरुग्ण माणूस कायद्याने मनोविकल ठरेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा ठरत नाही. कलमाचं म्हणणं थोडक्यात असं : कृती करतेवेळी, मनोविकलतेमुळे, आपण काय करतो आहोत हे किंवा ते चूक वा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याची कुवतच त्या माणसाला नव्हती. हे माप इंग्लंडातून आलं. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली आणि तो सुटला. त्यावर लोक खवळले, तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी जे नियम सांगितले त्यांचाच साचा आपल्याकडे आला.

यातला ‘करतेवेळी’ हा शब्द सगळ्यात जड. आरोपी दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या मनोरुग्णालयात भरती होता, एवढ्यावर भागत नाही. जेलमध्ये गेल्यावर बिघडला असेल तर तो मुद्दाच वेगळा : तेव्हा तो स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत आहे का, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम ३६८ खाली तपासतात आणि नसेल तर खटला थांबवतात. थांबला म्हणजे सुटला नाही.

आता बोलीबद्दल, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे होतो. एका खटल्यात शेजाऱ्याची साक्ष चालू होती. आरोपी कसा होता, असं विचारलं. तो म्हणाला, “बह्याडच होता जी, रातभर बोंबलत फिरे.” कागदावर आलं : ‘आरोपी विक्षिप्त स्वभावाचा होता.’ रातभर बोंबलत फिरणं, म्हणजे जे कामाचं होतं, तेच गेलं. मी हरकत घेतली आणि त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवून घेतले. ‘बह्याड’ आपल्याकडे मूर्खाला म्हणतात, हट्टी माणसाला म्हणतात, लाडाने लेकरालाही म्हणतात. त्या एका शब्दावर कोर्ट काय ठरवणार? साक्षीदाराकडून वागणं काढून घ्यावं लागतं. झोपत होता का, जेवणात विष घातलंय म्हणून ताट फेकत होता का, नसलेल्या माणसाशी बोलत होता का, आणि हे घटनेच्या आदल्या दिवशी होतं की तीन वर्षांपूर्वी.

घटनेनंतरचं वागणंही तितकंच पाहतात. कुऱ्हाड पऱ्हाट्यांच्या ढिगात लपवली, सदरा धुतला, मामाच्या गावी निघून गेला, की सरकारी वकील म्हणणार : चूक कळत होती म्हणूनच लपवली ना? उलट, तो पळाला नाही, अंगणातच बसून राहिला, एवढ्यावर सुटकाही होत नाही.

सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकार पक्षाइतका जड नाही. शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकवलं तरी चालतं. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन सांगितलं : मनोविकलता पूर्ण सिद्ध झाली नाही, पण त्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या इराद्याबद्दलच वाजवी शंका उभी राहिली, तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. हा निकाल खालच्या कोर्टात पुरेसा वाचून दाखवला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

किती जण सुटतात? २००७ ते २०१७ या काळातले वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे १०२ निकाल एका अभ्यासात पाहिले गेले. बचाव मान्य झाला सुमारे १८ टक्के प्रकरणांत. आणि हे ज्यांनी तो मुद्दा घेऊन उच्च न्यायालय गाठलं त्यांच्यातले. अमेरिकेत आठ राज्यांचा जुना अभ्यास आहे, तिथे शंभरात एका आरोपीपेक्षाही कमी जणांनी हा बचाव घेतला होता आणि घेणाऱ्यांतला साधारण चौथा हिस्सा यशस्वी झाला. पारावरची गोष्ट त्यामुळे खोटी आहे. कागद लागतो हे मात्र खरं, पण तो घटनेच्या आधीचा. गुन्ह्याआधीच्या उपचारांचे कागद आणि मानसोपचारतज्ज्ञाचं मत असेल तिथेच हा बचाव टिकलेला दिसतो.

पुरवणी (आशा स्वयंसेविका, धारणी)

वकील साहेबांनी कागदाचं सांगितलं, तो कागद आमच्याकडे का नसतो ते सांगते. ‘बाहेरचं झालं’, ‘हवा लागली’, ‘अंगात येते’, ‘करणी केली’ असं घरचे म्हणतात. शब्द तसा असला की माणूस आधी भुमकाकडे (आमच्याकडचा मांत्रिक) नाहीतर बाबाकडे जाते. तिथे केसपेपर निघत नाही. एका मायने तिच्या लेकाच्या आजारपणाची पिशवी माझ्यापुढे उघडली होती. त्यात गंडा, विभूतीच्या पुड्या, सुकलेलं लिंबू, आणि तळाशी ग्रामीण रुग्णालयाचा एकच केसपेपर. त्यावर ‘झोप नाही’ एवढंच लिहिलेलं. तारीख घडीवर आल्यामुळे पुसली होती, गोळीचं नाव वाचता येत नव्हतं.

पण मी कोणाला ‘बाहेरचं म्हणू नका’ असं सांगत नाही. ‘येडा’ म्हटलं की त्याच्या बहिणीची सोयरीक मोडते. ‘बाहेरचं’ म्हटलं तर दोष बाहेरच्याचा, घराण्याचा नाही. नागपुरात त्या दवाखान्याजवळच्या चौकाला अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात, तिथे लेकराला न्यायचं म्हटलं की बाया रडतात. म्हणून मी घरच्यांचाच शब्द धरते आणि म्हणते, भुमकाकडे जा, पण उद्या माझ्यासंगं प्राथमिक आरोग्य केंद्रातही चला. कागदावर तारीख पडू द्या. जमत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावून देते, तिथे मराठीत बोलता येते.

विचारणा (वार्ताहर, दारव्हा)

ताई, तुमचं लिहिणं कात्रणात ठेवतो. वकील साहेब, आता एवढंच सांगा, आरोप सिद्ध होण्याआधी काय लिहावं, आणि उद्या कोणी या कलमाखाली सुटला तर ‘निर्दोष सुटका’ लिहायचं का?

उत्तर (फौजदारी वकील, अचलपूर)

आधी फक्त ‘आरोपी’ लिहा. उपचार सुरू असल्याचं घरच्यांनी सांगितलं असेल तर ‘मानसिक आजारावर उपचार सुरू असल्याचे कुटुंबीयांनी सांगितले’ असं लिहा. ‘माथेफिरू’ सोडाच. तो शब्द रागीट माणसालाही लागतो, आजाऱ्यालाही लागतो आणि वाचणाऱ्याला दोघांतलं काहीच सांगत नाही.

‘निर्दोष’ लिहू नका. वाचणारा समजतो की याने मारलंच नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७३ सांगतं की अशा सुटकेच्या निकालात, ती कृती या माणसाने केली की नाही, हे कोर्टाने स्पष्ट लिहायलाच हवं. केली असं ठरलं तर कलम ३७४ खाली त्याला सुरक्षित देखरेखीत ठेवतात, किंवा नातेवाईक जामिनकी देऊन त्याला ताब्यात घेतात : त्याची नीट काळजी घेऊ, तो स्वतःला वा दुसऱ्याला इजा करणार नाही हे पाहू, अशी हमी लिहून. मनोरुग्णालयात ठेवायचं तर २०१७ च्या कायद्याच्या नियमांनीच. म्हणून मथळा असा द्या : ‘मनोविकलतेच्या कारणावरून दोषमुक्त, देखरेखीत ठेवण्याचे आदेश’. लांब होतो, पण उपसंपादकाला कापू देऊ नका, विशेषतः दुसरा भाग.