सायलेन्सर-फिल्टर बदलल्यापासून क्लासिक ३५० गचके खाते, आणि प्लग काळा

भांडुपचा_बुलेटवाला:
गाडी २०१६ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, कार्बवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर असलेली). दिवाळीत हौसेने फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर बसवला. आवाज झकास, पण चालवायचं सुख गेलं. चौथ्या गिअरला पन्नासच्या आसपास गचके, रेस सोडली की फटाके. पूर्ण पिळली तर मस्त पळते. गॅरेजवाल्याने मोठा मेन जेट (कार्बमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) टाकला, कार्बचा स्क्रूही बराच सैल केला. गचके तसेच, वर अॅव्हरेज ३५ वरून २६. प्लगवर काजळी. फटाके म्हणजे पेट्रोल कमी, काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, असं सगळे सांगतात. मग माझ्याच गाडीत दोन्ही एकदम कसं? रोजचा रस्ता मुंबईतला एलबीएस मार्ग, सायन, लोअर परळ.

लालबागचा_काका:
होतं दोन्ही एकदम. कार्ब म्हणजे एकच नळ नव्हे. सिग्नलला उभे असता तेव्हा गाडी पायलट जेट (छोटा जेट) आणि गॅरेजवाल्याने सैल केलेल्या त्या मिक्श्चर स्क्रूवर चालते. रेस साधारण पाव ते पाऊण असताना कार्बमधल्या सुईचं काम, ती जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. मेन जेटचं राज्य त्याच्या पुढे. एलबीएसवर पाऊणच्या पुढे रेस शेवटची कधी पिळली होतीत, आठवतंय का? त्या जेटवर तुमचे पैसे गेले, एवढंच. पूर्ण पिळून गाडी आधीच पळत होती ना, मग त्याला हात कशाला लावायचा?

काजळी त्या सैल स्क्रूची. तो इंजिनाच्या बाजूला असतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. दिवसभर ट्रॅफिकमध्ये रांगलात की प्लग काळा होणारच. गचके मात्र सुईच्या टप्प्यात पेट्रोल कमी पडतंय म्हणून.

खात्री करून घ्या. मास्किंग टेपचा एक तुकडा मुठीवर, एक शेजारच्या स्विचच्या डब्यावर. पेनाने बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा रेघा मारा. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेसवर जा आणि गचका नेमका कोणत्या रेघेवर बसतो ते बघा. मग नवा प्लग टाकून अर्ध्या रेघेवर दोन-तीन किलोमीटर चालवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, कडेला घ्या, प्लग काढा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. घरी येईपर्यंत थांबलात तर प्लग मुलुंडच्या सिग्नलची कहाणी सांगेल.

कोन फिल्टरबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या कार्बमध्ये केबल फक्त आतली चकती फिरवते. कार्बमधला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) आणि त्याला लटकलेली सुई वर जाते ती रबरी पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाने. डबा काढलात की तो हिशेबच बिघडतो. शिवाय जूनमध्ये हिंदमाताला पाणी भरेल तेव्हा काय करणार? डबा परत लावा, सायलेन्सर राहू दे. मग स्क्रू पूर्ण आत, तिथून अडीच फेरे बाहेर. सुईला उंची बदलायच्या खाचा नसतील तर तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचं वॉशर, एका वेळी एकच.

आणि हे सगळं करायच्या आधी फटाक्यांचं बघा. बेंड पाइप (धूर बाहेर नेणारा) इंजिनाच्या हेडला लागतो तिथलं पॅकिंग नवं टाकलं होतं का? थंड गाडी चालू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा. बेंडापाशी फुस्स झालं तर तिथून हवा आत जातेय, आणि फटाके त्याचेच.

ठाण्याचा_कार्बवाला:
काकांशी सहमत. एक भर घालतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. पंपावर आता २० टक्के इथेनॉल. जेट तोच ठेवला तरी मिश्रण पूर्वीपेक्षा पातळच (हवेच्या मानाने इंधन कमी) जळणार. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून सावरते, कार्बला ते कळत नाही. त्यामुळे २०१६ साली बरोबर असलेलं सेटिंग आज जरा पातळच धरा.

कुर्ला_३५०:
आवाजाचंही बघा, सायलेन्सरमधली आवाज दाबणारी जाळी काढलेली असेल तर परत बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड होतो, आणि नाकाबंदीत सायलेन्सर तिथेच उतरवायला लावतात. पार्ट सीएसटी रोडवर मिळतील, पण जेट घेताना त्यावरचा आकडा भिंगातून वाचा.

भांडुपचा_बुलेटवाला:
काका, पॅकिंगच होतं! सायलेन्सर बसवणाऱ्याने जुनंच दाबलं होतं, एका बाजूने फाटलेलं. नवं टाकल्यावर फटाके जवळपास बंद. डबा परत लावला, मेन जेट मूळचा, स्क्रू अडीच फेरे. गचका टेपवर पाव रेघेच्या जरा पुढे येत होता. एका वॉशरने कमी झाला, दुसऱ्याने गेला. तिसरं टाकून बघितलं तर गाडी जड वाटायला लागली, म्हणून काढलं. पीयूसीवाल्याकडे धुरातल्या सीओचा (कार्बन मोनॉक्साइड) आकडा बघत स्क्रू पाव फेरा आत घेतला. अॅव्हरेज ३२. सकाळी चोक जरा जास्त वेळ लागतो, तेवढं राहिलंय.

कोन फिल्टर दोन महिने वापरलेला आहे. कोणाला हवा असेल तर... नको, राहू दे.